पायरी चौथी

कास्त्रोच्या दुकानात मी विचारलं,
ह्यापेक्षा कमी असलेला आहे का?
पोरगा म्हणाला, किंमत?
नाही रे. अक्कल.

त्याने दाखवले ते सगळेच फार हुशार निघाले.
एक बोटाने उघडणारा, एक चेहरा बघून,
एक तर न विचारता बोलायलाच लागला.
आमच्या दोन्या एदेल्मिराला हवंय एवढंच:
पुंता आरेनासला लेकीला पत्र,
भरती-ओहोटीचं कोष्टक,
पत्त्यांचा तो एकट्याने मांडायचा डाव,
आणि रविवारी नातवाचा चेहरा,
अर्धा दिसला तरी.

मी खरं तर होड्यांची इंजिनं दुरुस्त करतो.
पण चिलोएच्या ह्या टोकाला
ज्याच्या हाती पाना तोच धन्वंतरी.
जुना मी उघडून पाहिला होता:
आत चुलीची राख, लोकरीचे तंतू
आणि पाय पोटाशी घेऊन मेलेला एक कोळी.
पंखा असा घरघरायचा
की कुत्रा उठून अंगणात जाई.
ती म्हणायची, चालतंय की.
दम लागतो त्याला. मला नाही लागत?
मग एका मंगळवारी तो उठलाच नाही.

शेवटी घेतला एक, बसका, राखाडी,
बढाया न मारणारा.
घरी आणला आणि तासभर नुसतं काढतच बसलो,
माशातले काटे काढावेत तसं:
बातम्यांची धावती पट्टी,
हवामान सांगणारा ढग (तिला ते खिडकीतून कळतं),
सारखं काहीतरी विकायला येणारा कोपरा.
चार चित्रं ठेवली. लिफाफा, चंद्र, पत्ते, कॅमेरा.
लिफाफा डावीकडे खाली,
जिथे अकरा वर्षं तिचा हात न बघता जातो.
मागे नवऱ्याची पिवळी होडी, जुन्यातूनच आणलेली.
कीबोर्डही तोच जोडला.
त्यावरचा ‘ए’ पार झिजून गेलाय.
लेकीचं नाव एस्तेर.

झालं, म्हटलं. हात पुसले.
तर तिने वही काढली,
पेन्सिलीने लिहिलेली, तेलाचे डाग पडलेली.

एक: गोल बटण दाब.
दोन: हिरवा दिवा. नसला तर भिंतीतला प्लग बघ.
तीन: गुरगुरू दे. घाबरू नकोस.
चार: चुलीत दोन लाकडं घाल, किटली ठेव.
पाच: आता बस.

तिने नव्याचं बटण दाबलं,
लाकूड उचलायला वाकली,
आणि वळून बघते तो
होडी समोर.
तशीच उभी राहिली, हातात ओंडका धरून,
वेळेआधी पाहुणा दारात यावा
आणि केस विंचरायचे राहिलेले असावेत, तशी.

एवढी कसली घाई ह्याला?

मला ते कौतुक वाटलं. मी मान डोलावली,
इंजिनवाल्याला दुसरं काय येतं?
परतताना होडीत बसून हिशेब केला:
जुन्याला उठायला सात मिनिटं,
रोज, अकरा वर्षं,
म्हणजे साडेएकोणीस दिवस, रात्रींसकट.
एवढे दिवस ती त्या खिडकीशी उभी होती.
खाडीकडे बघत पत्र जुळवत होती मनात,
किटली आणि शब्द एकदमच उकळत असणार.
आणि मी ते सगळं
जुन्या पंख्याबरोबर भंगारात टाकलं.

आठवड्याने गेलो, बटाटे घ्यायला,
मजुरी म्हणून कबूल केलेले, जांभळे, गाठाळ.
वही टेबलावर उघडीच होती.
गुरगुरण्यावर काट मारलेली.
चौथी पायरी आता पहिली,
तिच्याखाली नवी ओळ, पेन्सिल दाबून:
एस्तेरला काय सांगायचं ते आधी ठरव.
आणि सगळ्यात शेवटी, गोल बटण.

यंत्र बंद होतं.
ती खिडकीशी.
मी पिशवी उचलली तर म्हणाली,
बस जरा. पाणी व्हायचंय अजून.